बदरुद्दीनचे बांधलेले हात

एक ओढणी.
मोडक्या लॉरीचा काटा.
तुर्भ्याची अणुभट्टी.
अर्धी दळलेली बाजरी.
मी.

मित्रांनो, मी जुन्नरच्या पिठाच्या गिरणीतले एक जुने ऑइल इंजिन आहे. आहे म्हणते, कारण झाले ते अजून खरे वाटत नाही.

मला बदरुद्दीन चालवत असे. सिलिंडरवर तळवा टेकून तो मी किती तापले ते ओळखी. सत्तावन्न साली गिरणीत विजेची मोटर बसवायचे ठरले. मालक हौशीराम म्हणाले, "राव, आता नुसतं बटन दाबायचं. इंजिनवाला कशाला?"

मी हादरले. बदरुद्दीन दुसरी नोकरी शोधू लागला.

तुर्भ्याला अणुभट्टी चालवायला माणसे घेत होते. तो चाचणीला गेला आणि नापास होऊन आला.

"काटे बघाया बसवलं," तो सांगू लागला. "माजा हात आपसूक यंत्राकडं गेला. साहेब वरडला, भट्टीला असा हात लावशील तर मरशील!"

हात लावला तर मरण? असले यंत्र? माझा ठोका चुकला. खरोखर चुकला, पट्टा घसरला.

त्याला पुन्हा बोलावले होते. त्याची बायको नूरबी हिने युक्ती काढली. गावातल्या इस्माईलची लॉरी पेठेजवळ मोडीत पडली होती. पाणी किती तापले ते दाखवणारा तिचा काटा आणून मला लावला. मग हात न लावता नुसता काटा वाचायची सवय व्हावी म्हणून नूरबीने नवऱ्याचे हात ओढणीने खुर्चीला बांधले.

"भाभी, गाढवालाबी कुनी एवढं बांधत न्हाई!" हौशीराम म्हणाले.

"गाढव नोकरीला जात न्हाई, शेट."

एके दुपारी माझी पाण्याची नळी गाळाने तुंबली. मी तापले. माझा आवाज बदलला. बदरुद्दीनने मान वर केली.

"अजी, काटा बघा!" नूरबीने दटावले.

काटा अर्ध्यावर.

तो बसून राहिला. मी ओरडत होते, मित्रांनो! तो बसून राहिला!

दट्ट्या सिलिंडरला चिकटला आणि मी कायमचे बंद पडले. बाजरी अर्धीच दळली गेली. नूरबीने ओढणी सोडली, तशी त्याने माझ्यावर तळवा टेकला. तळव्याची कातडी सोलून निघाली.

पट्टी बांधलेल्या हातानेच तो दुसऱ्या चाचणीला गेला. बसण्याआधी त्याने विचारले, "साहेब, ह्यो काटा अडकला तर दुसरा कुटं हाय?"

त्याला घेतले. मी कोपऱ्यात आहे. मोटर गुणगुणते.

मित्रांनो, यंत्राला काटे लावा, बटने लावा. पण काट्याचीही निगा राखा. आणि कानाला वेगळे ऐकू आले, तर बसून राहू नका.

इस्माईलची लॉरी इंजिन जळून मोडीत निघाली, तेव्हाही काटा अर्ध्यावरच होता.