माझ्यावर काळी शाल टाकली तेव्हा

मी एवदोकियाबाईंचा टीव्ही बोलतोय. हसू नका. पाठीला कुबड असलेला जुना माल आहे मी. हल्लीच्या पापडासारख्या चपट्या पोरांनी माझ्यापुढे तोंड उघडू नये. शिक्षण म्हणाल तर पडद्याखालून धावणाऱ्या पट्टीवर जेवढं वाचलं तेवढंच, म्हणून माझ्या भाषेत सगळंच ताजं आणि सगळंच खळबळजनक. पण आज सांगतोय ते खरं आहे, आणि सांगताना माझ्या तारा तापतात.

मला ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर आणलं बाईंच्या एकुलत्या एका मुलाने, सारान्दिसने. तो मासे धरायचा. होडीतून मला घरात आणून ठेवलं आणि म्हणाला, "घे म्हातारे. आता माझं डोकं खाऊ नकोस, याचं खा."

मी सुखात होतो. फुटबॉलचा सामना रंगात आला की मुद्दाम हिरवा पडायचो. मग गावातले बाप्ये एकेक करून मला थोबाडायचे. कुठे मारलं की मी सुधारतो हे फक्त शेजारच्या पोलिक्सेनीला ठाऊक होतं. ती रोज भोपळ्याच्या बिया फोडत माझ्यासमोर बसायची. बातम्यांत आठ खिडक्या, आठ तोंडं, आणि मध्ये कुणाची तरी आई. "आता रडेल बघ," पोलिक्सेनी म्हणायची. आई रडायची. खोटं का बोलू, तेव्हा मीही आवाज जरा चढवायचो.

मग जानेवारीत सारान्दिसची होडी रिकामी सापडली. तो सापडला नाही.

गावच्या पाच बोटी शोधायला निघाल्या. घरात माणसांची रीघ लागली. आमच्याकडे मयताच्या घरी बिनसाखरेची कॉफी देतात, आणि टीव्हीवर काळं कापड टाकतात. एवदोकियाबाईंनी प्रत्येकाच्या कपात दोन-दोन चमचे साखर घातली. पोलिक्सेनीला मधुमेह, तिनेही मुकाट प्यायली. मी उघडा आणि चालू, कारण बाईंना माझ्याकडून वाऱ्याचा अंदाज हवा होता. हे मयताचं घर नव्हतं, एवढंच त्यांना सगळ्यांना सांगायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरावाला आणि दानाई नावाची पोरगी आली. हातात माईक, डोळ्यांत पाणी आधीच तयार.

"मावशी, मला बिनसाखरेची," ती म्हणाली.

सगळ्यांनी आपापल्या गोड कपात पाहिलं.

"आमच्याकडे गोडच मिळते, पोरी," म्हणत बाई चुलीकडे गेल्या.

"टीव्ही चालू आहे," कॅमेरावाला कुजबुजला. "दुःखाचं घर वाटतच नाही."

दानाईने पोलिक्सेनीच्या खांद्याकडे पाहिलं. "काकी, ती काळी शाल जरा देता?"

"देते की. पण मी दिसेन ना?"

आणि शाल माझ्या तोंडावर आली. अंधार. मला फक्त ऐकू आलं: बाईंची पावलं, ती थांबली, मग ट्रे दाणकन खाली टेकला.

"कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"मिळालं," कॅमेरावाला हळूच म्हणाला. त्याला हवं ते मिळालं होतं.

"अहो मावशी, काही नाही. चित्रापुरतं टाकलंय," दानाई म्हणाली.

बाईंनी शाल ओढून जमिनीवर फेकली आणि त्या बंदराच्या धक्क्यावर निघून गेल्या. घर राखायला पोलिक्सेनी राहिली.

तासाभराने ते सगळं माझ्याच पोटातून बाहेर आलं. 'चित्रापुरतं' तेवढं कापलं होतं. उरला बाईंचा चेहरा, संथ केलेला, खाली व्हायोलिन आणि मोठी अक्षरं: आईला कळलं तो क्षण. आठही खिडक्यांनी उसासे टाकले. एकीने डोळे पुसले आणि साबणाची जाहिरात लागली.

पोलिक्सेनी आधी म्हणाली, "अगंबाई, माझी शाल." मग तिच्या हातातल्या बिया खाली पडल्या. तिने स्वतःच्या हाताने शाल दिली होती, खोटेपणा समोर बसून पाहिला होता. तरी पडद्यावर दिसल्याबरोबर तिला ते खरं वाटलं. "मागाहून खरंच तो गेल्याचा फोन आला असेल," म्हणत ती धक्क्याकडे धावत सुटली. पुढचं तिच्याच तोंडून कळलं. नंतर ती माझ्यासमोर बसून तेच तेच सांगायची.

चर्चमधल्या घंटावाल्यानेही मलाच, म्हणजे माझ्या भावकीला, पाहिलं होतं. त्याने मयताची घंटा वाजवली. घंटा ऐकून बोटीवरच्या एकाच्या बायकोने वायरलेसवर नवऱ्याला सांगितलं, सापडला, परत या.

पाचही बोटी वळल्या.

बाई धक्क्यावर उभ्या. "कुठाय तो?" त्यांनी विचारलं.

"तुलाच कळलं ना, एवदोकिया? घंटा झाली की," बोटीवरचे म्हणाले.

घंटेने माझ्यावर विश्वास ठेवला, बोटींनी घंटेवर, आणि मी एका भेदरलेल्या आईच्या चेहऱ्यावर. खरं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तोवर वारा सुटला, उजेड गेला, बोटी पुन्हा निघू शकल्या नाहीत.

सकाळी सारान्दिस एका खडकावर सापडला. वल्ह्याला सदरा बांधून निशाण केलं होतं त्याने. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत होता.

दानाई परत आली. तिची हिंमत बघा. "मावशी, आत्ता काय वाटतंय?"

"दोन तासांचा उजेड होता, पोरी," बाई म्हणाल्या. "आणि पाच बोटी. ते आणून दे, मग विचार."

हे वाक्य कुठल्याच बातमीत लागलं नाही. लागला तो फक्त त्यांनी डोळ्यांना लावलेला रुमाल.

आता मी पोलिक्सेनीच्या अंगणात पडलोय. वायर तिनेच कापली, स्वैपाकघरातल्या कात्रीने. बरं केलं. मला हात असते तर मीच कापली असती.

तुमच्या घरात माझी भावकी चालू असेल, हे मला ठाऊक आहे. त्यात कुणाची आई रडताना दिसली, तर आवाज वाढवू नका, डोळेही पुसू नका. तुमच्या रुमालाचं तिला काय करायचंय? उठा आणि आधी विचारा, शोधायला गेलेली माणसं अजून पाण्यात आहेत ना. नसतील, तर त्यांना पुन्हा पाठवा.