डबा दुरुस्तीला गेला तेव्हा

तिने चहाचा कप त्या यंत्रावर टेकवला मात्र, खुर्चीतून एक हात पुढे आला आणि कप उचलला गेला.

“त्याच्यावर नको.”

“गार झालाय तो.”

“गार असो नाहीतर गरम. वरून हवा खेळती लागते त्याला.”

घरातल्या बाकीच्यांना काय लागतं याची चौकशी इतक्या तत्परतेने कधी झाली नव्हती. तिने कप घेतला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली. मागे नवऱ्याने शर्टाच्या बाहीने यंत्राचा माथा पुसला. चहा सांडलेला नव्हता, तरीही.

नवरा विमा कंपन्यांचा सर्व्हेअर होता. आग लागलेल्या गोदामांमध्ये फिरायचं आणि जळालेला माल मुळात फारसा चांगला नव्हताच असं सिद्ध करायचं, यात त्याची हयात गेली. कुणाच्याही वस्तूला त्याने कधी चांगलं म्हटलं नाही. अशा माणसाने निवृत्त होताहोता हा काळा, जडशीळ डबा घरी आणला आणि त्याच्यापुढे हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवले. इंटरनेटवरून गाणी घेणं, ती उलगडणं, स्पीकरना ताकद पुरवणं, सगळं म्हणे या एकाच डब्यात होतं. “वायरींचं जंजाळ गेलं बघ,” तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. तिला वाटलं होतं, चला, झाडलोट तरी कमी होईल.

झालं उलटंच. स्पीकर भिंतीपासून लांब हवेत म्हणून सोफा हलला, सोफ्यासाठी जेवणाचं टेबल हललं आणि तिचं पुस्तकांचं कपाट पार झोपायच्या खोलीत दाराआड गेलं. आवाज जसा पडायला हवा तसा पडतो अशी जागा खोलीत एकच होती. तिथे एक खुर्ची ठेवली गेली. दोघांच्या घरात त्याने एकट्यापुरतं संगीत आणलं होतं.

मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहायची. तिच्याशी फोनवर बोलताना ती डब्याला ‘जावईबापू’ म्हणायची. घरातली सगळ्यात चांगली जागा त्यांची, त्यांना काही बोलायची सोय नाही, आणि नेट जरा अडखळलं की लगेच रुसून बसायचे. मुलगी म्हणायची, “आई, खऱ्या जावयाचं नाव काढू नकोस आता.”

महिन्या-दोन महिन्यांनी ऑफिसातले जुने मित्र यायचे. त्यांना एकेक करून त्या खुर्चीत बसवलं जायचं, दातांच्या डॉक्टरकडे बसवतात तसं.

“ऐकलंत? डावीकडे, मागे. कुणीतरी श्वास घेतंय.”

मित्र डोळे मिटायचे. वा, म्हणायचे. तेवढ्यात नवरा दुसरं गाणं लावायचा, कारण यातला ढोल पोटात जाणवतो. मग तिसरं. मुखड्याच्या पुढे कुठलंच गाणं जात नसे. कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या तिला ते बघून विद्यार्थ्यांची आठवण यायची. बेडूक उघडून काळीज दिसलं की त्यांचं काम संपायचं.

“गाणाऱ्याने एवढं गायलंय,” ती एकदा म्हणाली, “आणि तुम्ही त्याचा श्वास तेवढा तपासता.”

“तुला नाही कळायचं ते,” तो म्हणाला. मित्रांसमोर.

तेव्हापासून तिने बोलणं सोडलं आणि नक्कल सुरू केली. बाहेर गाणं लागलं की ती स्वयंपाकघरात मुलीला फोन लावून तो ओट्यावर टेकवायची, फोनचा स्पीकर चालू करायची आणि मान किंचित तिरकी करून त्याच्या आवाजात म्हणायची, “ऐकलंस? डावीकडे, मागे. कुकर श्वास घेतोय.” मुलगी पलीकडे हसून लोटपोट व्हायची. मग फ्रिजची घरघर पोटात जाणवायची, नळाच्या थेंबाला खोली असायची. आठवड्यातली तेवढीच एक करमणूक होती आणि ती तिने कधी चुकवली नाही.

एका सकाळी डब्याच्या काचेवर पांढरी रेघ उमटली, आत टिक्‌ झालं आणि डबा मेला. नवऱ्याने सगळे उपाय केले. शेवटी दुकानातून माणूस आला, पाठीमागचं झाकण काढून बघितलं आणि म्हणाला, घेऊन जावं लागेल. नवऱ्याने डबा गुंडाळायला कपाटातली नवीकोरी रजई काढली. तिने ती बघितली आणि हसू दाबलं. हे मुलीला सांगायलाच हवं होतं.

संध्याकाळी तिने सांगितलंही. रजई सांगितली, दुकानदाराच्या माणसाला जिना उतरताना दिलेल्या सूचना सांगितल्या, रिकाम्या फळीसमोर त्याच खुर्चीत बसून राहिलेला नवरा सांगितला. कुकरही पुन्हा करून दाखवला, कारण मुलीने आग्रह केला. बाहेर काही वाजत नाहीये, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

रात्रीची पानं वाढली. नवरा शांतपणे जेवत होता. अर्धी पोळी संपल्यावर त्याने विचारलं,

“मी असाच बोलतो का?”

“कसं?”

“डावीकडे, मागे.”

त्याने तिच्याच नकलेची नक्कल केली होती, आणि ती हुबेहूब होती. ऐकायचं कसं हे त्या माणसाला येत होतं, एवढं मात्र खरं.

“चेष्टा चालली होती आमची.”

“चांगली करतेस. कुकर तर फारच.” त्याने तिच्या भांड्यात पाणी ओतलं. “ती केवढी हसते गं. एवढी हसते हे मला माहीत नव्हतं.”

तिने पोळीचा तुकडा मोडला.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मी तुला असा दिसायला लागलो, ते.”

ती मीठ आणायला उठली. मीठ टेबलावरच होतं. इतकी वर्षं भांडी घासताना, कपडे वाळत घालताना याच प्रश्नाची उत्तरं तिने मनात रचली होती. एकेक वाक्य तोंडपाठ होतं. पण ती सगळी, तो ऐकणार नाही हे धरून रचलेली होती.

“सांगते,” ती म्हणाली. “आधी जेवा.”

त्याने पुन्हा विचारलं नाही. उलट तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहू लागला. धुतलेली ताटं पुसू लागला. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींपैकी कोण कुठे असते, विचारू लागला. ती बोलायला लागली की तो पंखा बंद करायचा आणि मान किंचित तिरकी करून, मध्ये एक शब्द न बोलता ऐकायचा. तिचं वाक्य अर्ध्यात अडायचं. तो थांबून राहायचा. मुलीचा फोन आता ती गच्चीत जाऊन घ्यायची. “आई, हल्ली मजा नाही येत तुझ्याशी बोलताना,” मुलगी म्हणाली.

एका दुपारी तो बाहेर गेल्यावर तिने दुकानाचा नंबर शोधून फोन लावला. दुकानातली मुलगी गोंधळली.

“मॅडम, पण सर परवा येऊन गेले. म्हणाले, सावकाश द्या, काही घाई नाही.”

तिने एकदा दाराकडे पाहिलं.

“त्यांचं सोडा. मी सांगते आहे. घाई आहे.”

डबा आला तेव्हा नवऱ्याने दार उघडलं आणि आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. माणूस जोडणी करून गेला. नवऱ्याने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून आणली, मधली खुर्ची बाजूला सरकवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. आता कुणालाच धड ऐकू येणार नव्हतं, हे त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? त्याने एक गाणं लावलं, अगदी हलक्या आवाजात. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. त्याने ते बदललं नाही.

“बस ना,” तो म्हणाला.

ती बसली.

“त्या दिवशी तू म्हणालीस, सांगते.”

तिने डब्याच्या काचेकडे पाहिलं. काचेत दोघं दिसत होती, अंधुक.

“आवाज वाढवा जरा,” ती म्हणाली.

तिच्याकडे पाहतच त्याने बटण फिरवलं.

“पुरे?”

“अजून.”