ग्रहणाच्या दिवशी माझ्यावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझ्यावर खोटा आळ आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत. रडकं बाळ आलं की ते माझ्यावर गाणं लावत. बाळ खुदकन हसलं की म्हणत, "हा आहे म्हणून माझं दुकान चालतं." मी हुरळून जायचो.

मग खग्रास सूर्यग्रहण आलं. सूर्य पुरता झाकला जाण्याआधी क्षणभर अंगठीतल्या हिऱ्यासारखा चमकतो. फोटोग्राफरना तोच फोटो हवा होता आणि अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. डोळा कॅमेऱ्याला लागला की घड्याळाकडे कोण बघणार? म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, शिक्षिका असलेल्या ताईंनी, आपल्या खणखणीत आवाजात माझ्यात, प्रखर उन्हासाठी भिंगावर लावलेल्या काळ्या फिल्टरबद्दल सूचना भरल्या: "तयार राहा", "आता फिल्टर काढ", "फिल्टर लाव". सगळ्या वेळा घराच्या गच्चीवरून ग्रहण कधी दिसेल त्या हिशेबानं धरलेल्या होत्या.

ऐन दिवशी गच्चीवर ढग जमले. बहीणभाऊ मला गाडीत घालून पश्चिमेकडे, लांबच्या माळावर गेले.

"अरे, इथे चंद्राची सावली घरच्यापेक्षा आधी पोचेल ना? सूचना परत भरायला नकोत?" ताईंनी विचारलं.

"चालतंय गं! एवढ्या-तेवढ्यानं काय बिघडतंय?"

घरच्या वेळेनुसार मला सुरू केलं. मी एक शब्दही मागेपुढे होऊ दिला नाही. पण मध्येच अंधारलं, लोक ओरडायला लागले, तरी फोटोग्राफर कॅमेऱ्याला चिकटून माझ्याच हुकमाची वाट बघत राहिले. इतका त्यांचा माझ्यावर विश्वास! मी "आता फिल्टर काढ" म्हणालो, तेव्हा तो हिरा केव्हाच विझला होता. तोवर फिल्टरमधूनच काढलेले फोटो काळेकुट्ट आले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे दुकानदार फोटो बघायला जमले. फोटोग्राफर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या डबड्यानं घात केला. टेप रडतखडत चालली."

मी ताईंकडे आशेनं बघितलं. त्यांना तर सगळं ठाऊक होतं!

"हो ना," त्या चहा ढवळत म्हणाल्या, "जुनंच झालंय ते."

मित्रांनो, भावाचं बोलणं मी गिळलं असतं. पण ज्यांचा आवाज मी जिवापाड जपला, त्यांनीही मला तोंडघशी पाडलं, हे मला फार लागलं. आता मी माळ्यावर, मोडक्या स्टँडच्या खाली पडून आहे.

आमच्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण आपली चूक आमच्या माथी मारू नका. माझ्या पोटात आवाज आहे, पण तो ताईंचा. "याचा काही दोष नाही" एवढं मात्र त्यांनी त्यात कधीच भरलं नाही.