उतरवलेली पट्टी

घशाच्या ऑपरेशननंतर लुंबिनीताई पहिल्यांदाच गायला बसल्या. नांदेडपासून औशापर्यंत लोक त्यांना यशोधरा म्हणूनच ओळखत. लातूरच्या नव्या संगीतिकेत ती भूमिका त्यांच्याकडे राहणार की नाही, हे रविवारच्या तालमीत ठरणार होतं.

धाकटा भाऊ आनंदराज पेटीवर होता. यशोधरेच्या विलापातला वरचा सूर ताईंनी सहज घेतला.

"लागला रे! डॉक्टर म्हणे, आवाज न्हाई येणार."

"हाव आक्का, लागला की." त्यानं मान वर केली नाही.

"मग तोंड का पाडून बसलास? दाढ दुखून राहिली का?"

हसत त्या जवळ सरकल्या आणि पेटीकडे बघून थांबल्या. त्या नेहमी काळी चार या उंच पट्टीत गात. त्यांना सूर गाठता यावा म्हणून आनंदराजनं पट्टी गुपचूप काळी दोनवर उतरवली होती. महिनोन्‌महिने न गायल्यामुळे त्यांना ते कळलंच नव्हतं.

"वर घे."

"हळूहळू घेऊ ना आक्का."

"लातूरची साथ रेकॉर्ड केलेली हाय. ती माझ्यासाठी खाली येईल का?"

त्यानं काळी चार धरली. ताईंनी दम भरला. वरच्या सुराच्या जागी नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, तरी हवाच.

मग त्यांनीच लातूरला दिग्दर्शकाला फोन लावला. "यशोधरा दुसऱ्या कुणाला द्या."

"ताई, एखादी छोटी भूमिका करा की."

"संगीतिका हाय बाबा," त्या म्हणाल्या. "छोटीलाबी गावंच लागतं."