उर्वीला वाचवणारी सीट

मित्रांनो, मी लहान मुलांना गाडीत बसवायची एक जुनी सीट आहे. माझ्यामुळे एक मुलगी वाचली आणि माझ्यामुळेच एका मुलाचा जीव जाणार होता. दोन्ही गोष्टी सांगते.

कारखान्यात साच्यातून माझी पाठ निघाली. तिच्यावर स्पंज आणि निळं कव्हर चढलं, पाच पट्टे लागले. ठाण्याला वर्तकनगरात राहणाऱ्या दर्शनाने मला तिच्या दीड वर्षांच्या उर्वीसाठी घेतलं. उर्वीचे आजोबा सुधीरराव हसायचे. "आम्ही तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊनच फिरलो की!"

"बाबा, पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही," दर्शना एवढंच म्हणे.

एका दुपारी कळव्याच्या पुलावर पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्यावर आदळली. उर्वी पुढे फेकली गेली. पट्ट्यांनी तिला धरलं, पट्ट्यांना मी धरलं. त्याच वेळी माझ्या पाठीत 'कट्' झालं. फुटणाऱ्या काचांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही. उर्वीला साधं खरचटलंही नाही.

त्या दसऱ्याला सुधीररावांनी स्वतः मला झेंडूचा हार घातला. "हिने माझी नात राखली," ते म्हणाले. मला मात्र भीती वाटत होती. कव्हरखाली माझी पाठ आडवी तडकली होती.

पुढे उर्वी मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. चार उन्हाळे तिथे तापत पडले. मग एक दिवस दर्शनाचा भाऊ रत्नदीप डोंबिवलीहून आला. त्याचा नील तेव्हा दोन वर्षांचा झालेला.

"नवी कशाला घेतोस? हिने उर्वीला वाचवलंय. लकी आहे, घेऊन जा," दर्शना मायेने म्हणाली.

नील माझ्यात निर्धास्त बसायचा, टाचा आपटत गाणी म्हणायचा. शीळ रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तडा जरासा पुढे सरकायचा. मी मनात म्हणायचे, आज कुणी ब्रेक मारू नये.

एका रविवारी कल्याणला बारशाला जायचं होतं. गाडीत बसल्या बसल्या नीलने दूध ओकलं. त्याची आई संचिता मला धुवायला घरात घेऊन आली. तिने कव्हर काढलं, स्पंज उचलला आणि थबकली.

"अहो, ही चीर कसली?"

"अगं, प्लास्टिकच ते! चिकटपट्टी लावतो. चल, उशीर झालाय," रत्नदीप तिच्यामागून आत येत म्हणाला.

संचिताने चिरेवर तळहात ठेवून दाबलं. माझी पाठ मधोमध दुमडली.

दाराशी नील बूट घालून उभा होता. "आई, भूर्र?"

रत्नदीपने पुढे होऊन त्याला उचललं आणि घट्ट धरून ठेवलं. संचिताने दर्शनाला फोन लावला. "ताई, अपघातानंतर ही सीट कुणाला दाखवली होती?" "कुणालाच नाही गं," पलीकडून दर्शना म्हणाली आणि तिला हुंदका आला.

त्या दिवशी गाडी निघालीच नाही. भंगारातून उचलून मला पुन्हा कुणी वापरू नये, म्हणून संचिताने माझे पाचही पट्टे कात्रीने कापले. मित्रांनो, मला सुटल्यासारखं वाटलं.

तुमच्या धाकट्या भावंडांना गाडीत मांडीवर घेऊ नका, सीटमध्ये पट्टा लावून बसवा. पण कुणी जुनी सीट दिली, तर ती कधी अपघातात सापडली होती का, हे आधी विचारा. सापडली असेल, तर तडा दिसला नाही तरी ती वापरू नका. आम्हाला गाडीत बोलता येत नाही. विचारायचं तुम्हालाच आहे.