नवव्या झेंड्याचा उंचवटा

मी एक जुना बुलडोझर आहे. भंगार नव्हे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो आधीच सांगून टाकलेला बरा, कारण फाटकातून आत येणारी निम्मी माणसे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ते बघ भंगार." मित्रांनो, तुम्ही तरी तसे म्हणू नका. माझा रंग उडाला आहे, गादीतून स्पंज बाहेर आला आहे, एका दिव्यात चिमणीने घरटे केले आहे. पण माझे पाते अजून सरळ आहे आणि आठवण त्याहून सरळ.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी पिवळाधमक होतो. माझे थोरले भाऊ धरणांवर आणि खाणींवर गेले. मी अंगाने लहान, म्हणून मला रस्त्याच्या कामावर धाडले. तिथे मला माझा ऑपरेटर भेटला. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात ना, तो ओळंबा. या माणसाचे सगळेच तसे होते. भांग सरळ, चालणे सरळ आणि बोलणे इतके सरळ की समोरच्याला लागायचे. रस्त्याच्या कामात सपाटपणा हाच देव. आम्ही दोघांनी मिळून असे रस्ते केले की आमचा मुकादम म्हणायचा, "ओळंब्याच्या रस्त्यावर गोटी ठेवली तर बिचारी विचारात पडते, आता जाऊ कुठं?"

मग मंदी आली. मंदी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगितले नाही, ती मला दिसली. आम्ही यंत्रे आवारात ओळीने उभी राहिलो. आमच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांमधून गवत वर आले. माणसे मात्र सवयीने रोज सकाळी यायची, खिशात हात घालून उभी राहायची आणि कँटीनच्या बंद खिडकीकडे बघत परत जायची.

अशा दिवसांत आम्हाला काम मिळाले, तेही गोल्फच्या मैदानाचे! लहानसा पांढरा चेंडू काठीने मारत मारत दूरच्या झेंड्याखालच्या भोकात घालायचा, तो हा खेळ. प्रत्येक भोकाभोवती गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ असते. एका कंपनीने शहराच्या कडेला जमीन घेतली होती. मध्ये अठरा झेंड्यांचे मैदान आणि भोवती विकायला बंगले, असा बेत होता.

ओळंब्याची बायको तिथे दगड वेचायच्या कामावर आली. तिला सगळे मामी म्हणत. पहिल्याच दिवशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! लोकांच्या नोकऱ्या चालल्यात आणि हे चेंडूला गालिचे विणतायत."

"विणू दे," ओळंबा म्हणाला. "विणकर म्हणून आपल्यालाच ठेवलंय ना? मग झालं."

मैदानाचा आराखडा एका बाईंनी काढला होता. त्या आधी मोठ्या कचेरीत दुसऱ्यांच्या आराखड्यांवर रेघा ओढायच्या. मंदीत ती कचेरी बंद पडली. हे त्यांचे स्वतःचे पहिले मैदान. त्यांच्या एका हातात कायम पाण्याची बादली असायची आणि खिशात एक चेंडू.

काम अर्ध्यावर आले आणि एका सकाळी मोठाले ट्रक येऊन भाड्याची सगळी यंत्रे घेऊन गेले. मागून कंपनीचे साहेब आले.

"बाई, बंगले विकले जात नाहीत. आता मैदान कुणासाठी करायचं?"

"गावासाठी करू."

"गाव गोल्फ खेळतं?"

"मैदानच नाही तर खेळेल कशावर?"

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त थकला होता. ट्रकांच्या तळासाठी ही जमीन मागायला लोक आले होते. इकडे नगरपालिका म्हणत होती, मैदान खेळण्याजोगे पुरे झाले असेल तर सर्वांसाठी घेऊ, अर्धवट नको. शेवटी साहेबांनी गवताचे बी पेरायचा हंगाम संपेपर्यंत मुदत दिली. तोवर मैदान झाले तर गावाचे, नाहीतर ट्रकांचे.

"आणि यंत्र?" बाईंनी विचारले.

"तो म्हातारा ठेवा. त्याला परत न्यायचं भाडं त्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे. तळ झाला की इथंच कापून विकू."

तो म्हातारा म्हणजे मी. असा अपमान डिझेलबरोबर गिळायचा असतो. मी गिळला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच किल्लीला सुरू झालो.

बाईंनी अठरा झेंड्यांचे नऊ केले. टेकड्या हलवायच्या नाहीत, जमीन जशी वळते तसे आपण वळायचे, असे ठरले. झेंड्याजवळच्या हिरवळीची मात्र त्यांची एक रीत होती. ओळंब्याने माती ढकलायची आणि बाईंनी वरून बादली ओतायची. पाणी साचले की पुन्हा ढकलायची. "मामा, माणसाच्या डोळ्याला सपाट वाटलं तर वाटू दे," त्या ओळंब्याला म्हणायच्या, "पण पाणी कुठंतरी गेलंच पाहिजे. नाहीतर गवत कुजतं."

ओळंब्याला हे पटायचे नाही. "उभा जन्म उंचवटे काढण्यात गेला," तो मला म्हणायचा, "आता म्हणतात उंचवटा कर. म्हाताऱ्या, आपलं कसं व्हायचं?"

कसेबसे आठ झेंडे झाले. नवव्या हिरवळीवर बाईंनी स्वतः उभे राहून, झोपलेल्या म्हशीच्या पाठीसारखा एक लांबट उंचवटा करून घेतला. त्यावर त्यांचा फार जीव होता. मग एक दिवस त्या नगरपालिकेच्या मंडळींना आणायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "मामा, पाहुणे येतायत. जरा नीटनेटकं करून ठेवा."

नीटनेटके! ओळंब्याला हा शब्द एकाच अर्थाने ठाऊक होता. त्याने मला सुरू केले, पाते खाली घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून ती म्हशीची पाठ अशी सपाट केली की काय सांगू! कितीतरी दिवसांनी मनासारखे काम मिळाले होते. ओळंबा शीळ घालत होता.

दुपारी मंडळी आली. पुढे नगराध्यक्षीण बाई, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. मागे साहेब. ओळंबा हातात टोपी घेऊन उभा होता. "बाई, आरसा केलाय, आरसा!"

आमच्या बाई जागच्या जागी थांबल्या. पण त्यांनी वाटेतच बादलीची गंमत सांगितली होती आणि नगराध्यक्षीण बाईंनी बादली उचललीसुद्धा. त्यांनी पाणी ओतले. पाणी बसले. उठायचे नाव नाही, लोचट पाहुण्यासारखे बसूनच राहिले.

"वा," साहेब म्हणाले. "ट्रक उभे करायला झकास झालंय!"

तेव्हा ओळंब्याला कळले. त्याचा चेहरा मी दिव्याच्या काचेतून बघत होतो. बाईंनी फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचे होते, की त्या मोकळ्या. त्यांनी बोट दाखवले नाही. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "बसा, चहा घ्या. आम्ही पुन्हा करतो."

"आत्ता?" नगराध्यक्षीण बाईंनी विचारले.

"आत्ता. तुमच्यासमोर."

ओळंबा माझ्यावर चढला. त्याने दांडा धरला आणि खाली वाकून बघितले. "बाई, दोरी लावून द्या."

"याला दोरी नसते मामा."

"मग कशाच्या अंदाजानं करू? मला वाकडं काही येत नाही हो!"

खालून मामी कडाडली, "येत नाही कसं? माझ्याशी बोलता ते काय सरळ बोलता? रोज नातीच्या पोटावर हात फिरवून तिला झोपवता ना? तसा फिरवा! का तिलाही सपाट करता?"

पाहुणे हसले. ओळंबा हसला नाही. त्याने एकदा डोळे मिटले आणि उघडले, आणि पाते उचलले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड काम. ढकलायला माती थोडीच होती, पण प्रत्येक वेळी कुठे सोडायचे ते ओळखायचे होते. पाते कधी उजवीकडे कलायचे, कधी नुसते टेकायचे. माझे बोल्ट कुरकुरत होते. कापून विकणार म्हणता? बघाच आता, असे मी मनाशी म्हणत होतो. काळा धूर साहेबांच्या चहात गेला, त्याचे मला अजूनही वाईट वाटत नाही.

ऊन कलले तेव्हा ओळंब्याने मला मागे घेतले. बाईंनी बादली ओतली. पाणी उंचवट्यावर पडले, जरासे थबकले, दोन्हीकडे फुटले आणि निघून गेले. नगराध्यक्षीण बाईंनी आमच्या बाईंच्या खिशातला चेंडू मागून घेतला आणि हाताने सोडला. तो सरळ गेला, मग हळूच वळला.

"अहो, मी तर सरळ सोडला होता!" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सोडला. मग पुन्हा. त्या कमी बोलणाऱ्या बाई लहान मुलीसारख्या चेंडूमागे धावत होत्या.

हंगाम संपायच्या आत बी पडले. मैदान गावाचे झाले. तिथे पोस्टमन खेळायला आला, रात्रपाळी संपवून नर्स आल्या, शाळेची मुले उसन्या काठ्या घेऊन आली. ज्यांचे काम गेले होते त्यांतले काही गवत कापायला लागले. ओळंबा कधी खेळला नाही. तो नवव्या झेंड्याजवळ बसून वळणारे चेंडू बघायचा आणि म्हणायचा, "गेला, गेला... अन् वळला!"

एका थंडीत ओळंबा गेला. मला कुणी सुरू करेना. वर्षे गेली. एका कमिटीने ठरवले, याच्या पात्यापुढे माती भरू, फुले लावू, शोभा येईल. मामी काठी टेकत आली आणि म्हणाली, "फुलं मी मेले की मला घाला. याला ग्रीस घाला." ग्रीस कुणी घातले नाही, पण फुलेही लावायची राहिली.

आता पुन्हा मंदी आली आहे. तिला मी चालीवरून ओळखतो. आताचे मॅनेजर तरुण आहेत. नववा झेंडा काढून टाकू, जमीन सपाट करून गोदामाला देऊ, असा त्यांचा विचार आहे. भाड्याचे यंत्र महाग, म्हणून ते मेकॅनिक घेऊन माझ्याकडेच आले. नवी बॅटरी लावली, डिझेल भरले, किल्ली फिरवली. मी सुरू झालो नाही. पुन्हा फिरवली, मी हूं की चूं केले नाही.

"हा खलास आहे," मेकॅनिक म्हणाला. डिझेलमध्ये हवा होती, असे कुणी म्हणेल. म्हणू दे.

काल आमच्या बाई आल्या. केस पांढरे, चाल तीच, हातात बादली. बरोबर ओळंब्याची नात होती, जिच्या पोटावरून तो हात फिरवायचा तीच. मैदानाची सगळी देखभाल आज ती बघते. नवव्या हिरवळीची एक बाजू खचली आहे, ती उचलायची होती. नात माझ्यावर चढली, डिझेलमधली हवा काढायचा हातपंप आजोबांसारखाच दाबत राहिली आणि म्हणाली, "चला आजोबा." मला की त्याला, कोण जाणे. मी पहिल्या किल्लीला सुरू झालो. चिमणी उडून गेली, मग परत आली.

मॅनेजर पळत आले. "अहो, हा चालतो? मग एकदाचं सपाटच करून टाका की!"

"आजोबांनी एकदा केलं होतं," नात म्हणाली. "तेवढं पुरे झालं." आणि तिने पाते खाली घेतले.

काम झाल्यावर तिने मला नवव्या हिरवळीकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर आडवे उभे केले आणि किल्ली खिशात टाकली. कमिटीची सभा अजून व्हायची आहे. ते दुसरा बुलडोझर आणतील, माझ्याहून मोठा. आणोत. त्याला आधी माझ्याशी बोलावे लागेल.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, आवारात एखादे जुने यंत्र असेल तर त्याला हार घालू नका. त्याला तेल द्या आणि काम द्या. आणि इकडे आलात तर माझ्या बाजूने अंग चोरून नवव्या झेंड्याकडे जा. एक चेंडू सोडून बघा, अगदी सरळ सोडा.

तो वळेल.