दुसऱ्याच्या घरचा डाव

कोपरा मुडपलेला होता — बदामच्या दश्शीचा, वरचा — आणि तो कुणीतरी नखाने दाबून सरळ करायला गेल्यामुळे तिथे आता एक पांढरी रेघ उमटली होती, एवढीशी, पण पान पालथं पडलं तरी लांबून दिसणारी. म्हणजे ही दश्शी ज्याच्या हातात जाईल त्याच्याकडे ती आहे हे चौघांनाही कळणार, आणि चौघांनाही कळणार असेल तर मग पानं लपवून धरायचीच कशाला, संभाजी गुरुजींना वाटलं, उघडीच मांडावीत सतरंजीवर, बाजारात भाजी मांडल्यासारखी.

आज बोलायचं नाही, असं ठरवूनच ते बारामतीहून निघाले होते.

प्राची पानं पिसत होती. पिसत होती म्हणजे दोन ढीग करून एकमेकांत खुपसत होती, मांडीशेजारी मोबाइल, लक्ष निम्मं आत गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे. पिसून झालं की शेजारच्यासमोर कॅट ठेवायचा, त्याने काटायचा, मग वाटायचा — एवढी साधी गोष्ट. ती तिने केलीच नाही, सरळ वाटायला लागली. एक पान उलटं पडलं, किलवरचा गुलाम, सगळ्यांना दिसला. गुरुजींच्या घरी असं झालं असतं तर सगळी पानं परत गोळा झाली असती. इथे प्राचीने तो गुलाम नुसता पालथा केला, जणू आता तो कुणालाच आठवणार नाही.

"दिसला गं," शेजारच्या मळ्यातला कुंडलिक म्हणाला.

"मग इसरा की," प्राची म्हणाली.

ती हसली, कुंडलिक हसला, आणि समोर खुर्चीत टोपी घालून बसलेले तिचे सासरे रावजीही हसल्यासारखे दिसले… आजारानंतर त्यांचं तोंड कायमचं एका बाजूला ओढलेलं असतं, त्यामुळे ते हसतात की नुसते बघतात, हे आता सांगता येत नाही.

डाळजला, रावजींच्या घरापुढच्या शेडमध्ये, पेरूच्या रिकाम्या क्रेट रचलेल्या भिंतीच्या आडोशाला हा डाव बसतो. पलीकडून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. मागच्या पावसाळ्यात रावजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डाव इथे. त्याआधी तो गुरुजींच्या घरी बसायचा, बारामतीत, बाजाराच्या दिवशी. रावजी माल उतरवून मोकळे झाले की यायचे, आल्या आल्या हात धुवायचे — धुवावेच लागायचे. गुरुजींच्या घरी पत्ते म्हणजे पत्ते. चहा डावाच्या आधी नाहीतर नंतर. पान खाली पडलं की पडलं, परत उचलायचं नाही. भिडूला डोळ्याने, खोकल्याने, पायाने काही सांगायचं नाही. आणि डाव चालू असताना उसाचं बिल, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, काही काढायचं नाही.

"तुमच्याकडं खेळायला यायचं म्हंजी माणसाला परीक्षेला बसल्यागत वाटतंय," जयवंता म्हणते. गुरुजींची बायको. सकाळी पिशवीत डबा ठेवता ठेवतासुद्धा म्हणाली, "तितं जाऊन मास्तरकी करू नका. दुसऱ्याचं घर हाय ते."

दुसऱ्याचं घर. हेच तर… दुसऱ्यांची घरं बघूनच झालीत की आता. इंदापूरला सर्जेरावांकडे गेलो तर त्यांनी डाव मांडला काचेच्या टीपॉयवर. खाली वाकून पानं उचलताना प्रत्येकाच्या हातातलं पान काचेत स्वच्छ दिसत होतं, आणि सर्जेराव टीपॉय कुठून आणला ते सांगत होते. नियम विचारावा तर "आमच्यात असंच असतं" — आमच्यात म्हणजे कुणात, ते दर डावाला बदलायचं. लोणी भापकरला अप्पांकडे गेलो, तिथे वेगळंच. ऐन डावात लाइट आली की अप्पा मोटर चालू करायला रानात, आणि हातातली पानं देणार जो कुणी दारात उभा असेल त्याच्या हातात. एकदा तर ती पानं युरियाची चौकशी करायला आलेल्या माणसाने खेळून टाकली, आणि परत आल्यावर अप्पा म्हणाले, काय रं, जिंकलो का मी. वर भेळीचे हात तसेच पानांना. राजा आणि राणी एकमेकांना चिकटून निघायचे.

संभाजी गुरुजींना राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त आश्चर्य वाटायचं. इतका चांगला खेळ. शाळेत पाऊस लागून मैदानावर जाता यायचं नाही तेव्हा पोरांना गोलात बसवून त्यांनी हाच शिकवला होता, मेंढीकोट. पत्ते शिकवतो म्हणून एका केंद्रप्रमुखाने कानउघाडणीही केली होती. पण बेरीज न येणारी पोरं यात हातातल्या पानांची बेरीज करायची. समोरासमोर बसतात ते दोघे भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त तिचा डाव. आणि खरा नियम एकच, तो पहिलीतल्या पोरालाही समजतो — ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान तुझ्याकडे असेल तर तेच टाकायचं. नसेल तरच दुसरं. तुझ्या हातात काय आहे ते तुलाच माहीत असतं, बाळा. म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवायचा असतो सगळ्यांनी…

प्राची रावजींची पानं लावून देत होती. थर्माकोलच्या पट्टीला ब्लेडने लांब चीर पाडलेली, त्या चिरेत पानं ओळीने उभी. रावजी डाव्या हाताने हवं ते उपसून काढतात. पट्टी तिनेच केली. पानांची पाठ बाकी तिघांकडे येते, आणि त्या पाठींत डावीकडून तिसरी, पांढऱ्या रेघेची — बदामची दश्शी. बसली रावजीकडेच. गुरुजींनी नजर क्रेटांकडे वळवली. बघायचं नाही. पण बघितलेलं न बघितलेलं कसं करायचं?

येताना पिशवीतून त्यांनी नवा कॅट आणला होता. प्राचीने हातात घेऊन "लई भारी हाय" म्हटलं आणि आत शोकेसमध्ये नेऊन ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाली होती, नवी पानं आबांच्या बोटांतून निसटत्यात, गुरुजी. ही जुनी झालीत, त्यांच्या हाताला चिकटून ऱ्हात्यात. आणि त्याआधी, हौदाजवळ, त्यांच्या पायावर पाणी घालता घालता ती दुसरंही म्हणाली होती. "एक सांगू का? आबांना चुकलं म्हणू नका. मागल्या खेपंला तुमी म्हणला, तवापासनं दोन दिस भायेर आलं न्हाईत. पत्ते हायती म्हणून ह्या खुर्चीत येऊन बसत्यात. त्ये बी सोडलं तर…"

ती पाणी घालत राहिली, पाय स्वच्छ झाले होते तरी.

मागल्या खेपेला. रावजींनी हुकूम नसताना हुकूम समजून पान मारलं, आणि मी म्हणालो, चुकलास. नेहमीसारखंच म्हणालो, चाळीस वर्षं म्हणत आलोय तसंच. रावजीने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या नजरेत काहीतरी होतं, फळ्यापुढे उभं केल्यावर पोरांच्या नजरेत असतं तसलं — येत नाही म्हणून नव्हे, आत्ता येत होतं आणि कुठे गेलं म्हणून…

"इस्पिक हुकूम बरं का आबा," प्राची मोठ्याने म्हणाली. दर हाताला ती हे सांगते. कुंडलिक एखादं पान टाकतो, रावजींचा चेहरा बघतो, आणि परत घेतो — "थांब, चुकून पडलं." चुकून पडत नाही. रावजींचा हात व्हावा म्हणून परत घेतो. कुंडलिक एरवी बांधावरून सख्ख्या भावाशी बोलत नाही, आणि इथे एवढा दिलदार. प्राची तर राजा हातात असताना तिरी टाकते. सगळं प्रेमानेच चाललंय, दिसतंय की. पण प्रेमाने चाललेल्या या डावात तीनच माणसं खेळतायत, चौथ्याला खेळवतायत. रावजी, तुला कळतंय का रे हे?

"आज बोलंना झालाय," रावजी म्हणाले. शब्द जड, ओले, पण स्पष्ट.

"कोण?"

"तू. घसा बसला का?"

"खेळतोय की," गुरुजी म्हणाले.

"हां," रावजी म्हणाले. "खेळतुयास." आणि पट्टीतून एक पान उपसून टाकलं.

डाव निम्म्यावर आला. दोन मेंढ्या कुंडलिक-प्राचीकडे, एक गुरुजी-रावजींकडे, आणि चौथी — चौथी कुठे आहे ते सतरंजीवरच्या माशीलाही ठाऊक. प्राचीचा मोबाइल वाजला, तिने तो कानाशी धरून "डावात हाय, मागनं बोल" म्हटलं. आत दुधाचा करपट वास सुटला होता.

कुंडलिकने बदामचा एक्का उतरवला. दुसऱ्या पानांचा विचार करत होता, सवयीने टाकला असावा. टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा हात परत पुढे आला, पण तोवर गुरुजींनी आपली बदामची सत्ती वर टाकली होती. प्राचीने चव्वी टाकली. राहिले रावजी. त्यांच्याकडे बदाम आहे. असलाच पाहिजे, रेघ दिसते आहे. टाकला तर मेंढी गेली, डाव गेला.

रावजींचा डावा हात पट्टीवरून फिरला. पांढऱ्या रेघेपाशी थांबला — थांबला? की नुसता गेला? — आणि पलीकडून त्यांनी किलवरची तिरी काढली आणि हातावर टाकली.

कुंडलिकने खाली बघितलं. प्राचीचे डोळे गुरुजींकडे आले, हौदाजवळचे डोळे, आणि तिचा हात चारही पानं गोळा करून हा प्रसंग मिटवायला पुढे झाला.

गुरुजींनी आपला तळवा त्या पानांवर ठेवला.

"थांब जरा," ते म्हणाले.

का ठेवला ते त्यांनाही कळलं नव्हतं. चुकलास म्हणायला ठेवला असेल… पण चुकलास म्हणायचं तर कशाच्या जोरावर? पाठीवरच्या रेघेच्या? दुसऱ्याच्या पानाची पाठ वाचून बोलणारा माणूस माझ्या घरी डावात बसला नसता. आणि न बोलावं तर हाही हात त्या परत घेतलेल्या पानांसारखा, तिरी टाकून वाचवलेल्या राजासारखा, आणि मग मीही त्यांच्यातलाच एक, रावजीला खेळवणारा.

मग एकदम त्यांना रावजींची ती टोपी आठवली. डाळजच्या शाळेत नवीन असताना, भाड्याच्या खोलीत, पहिल्यांदाच हा माणूस पत्ते खेळायला आला होता, उन्हाने तांबडा झालेला, आणि डाव संपायला आला तरी चौकटची दश्शी निघेना. निघाली शेवटी याच्या टोपीतून, खाजवायला म्हणून टोपी वर केली तेव्हा, सगळ्यांसमोर टपकन सतरंजीवर. शरम नाही काही नाही. "मास्तर," म्हणाला होता, "तुमी बघताय का न्हाय त्ये बघत हुतो." गुरुजींनी त्याला त्या दिवशी पुढचा डाव दिला नव्हता. दारात बसवून ठेवला होता, पोरासारखा, आणि तो बसला होता, आणि तिथून सगळ्यांची पानं भिडूंना सांगत होता.

मेंढी वाचवायची असेल तर दश्शी झाकून तिरीच टाकायला हवी होती. हेच पान. नेमकं हेच.

तळव्याखाली पानं गुळगुळीत लागत होती, कित्येक हातांनी मऊ केलेली. विसरला असेल तर… बदाम कुठला, किलवर कुठला, हेच आता त्याला समजत नसेल तर मी विचारलं की ते उघडं पडेल, इथे, सुनेपुढे, आणि ती खुर्ची उद्या रिकामी. आणि विसरला नसेल तर? तर आत कुठेतरी तो टोपीवाला अजून बसलेला आहे, एकटा, सगळे त्याला जिंकवतायत आणि त्याला लबाडी करायलाही कुणी ठेवलेलं नाही, कारण बघणाराच कुणी नाही. "आज बोलंना झालाय."

आयुष्यभर लबाडी करणाऱ्याला पकडत आलेले संभाजी गुरुजी, आणि आता मनातल्या मनात ते एखाद्याच्या लबाडीसाठी हात जोडत होते. लबाडी असू दे, रावजी. लबाडीच असू दे.

चौथीत मोना नावाची एक मुलगी होती. वजाबाकी चुकायची. फळ्यावर चुकीचा आकडा लिहून उभी राहायची, आणि गुरुजी काही म्हणायचे नाहीत — चूक म्हणायचे नाहीत, बरोबरही नाही. खडू हातात धरून तिच्या शेजारी उभे राहायचे. वर्ग चुळबुळ करायचा. बाहेर घंटा व्हायची. कधी कधी ती आपणहून डस्टर उचलायची, कधी कधी नाही. उचललं नाही तरी दुसऱ्या दिवशी परत तिला फळ्याजवळ बोलवायचं, परत शेजारी उभं राहायचं. एवढंच येत होतं त्यांना, खरं म्हणजे. बाकीची मास्तरकी कुणालाही येते.

त्यांनी तळवा काढला नाही. प्राचीकडे पाहिलं नाही. पट्टीतल्या त्या रेघेकडेही पाहिलं नाही. फक्त रावजींकडे पाहत राहिले, पूर्वी आपल्या घरी डावात पाहायचे तसे — भिडूकडे नव्हे, ज्याच्यावर लक्ष ठेवायला हवं अशा माणसाकडे.

"गुरुजी, दूध लागलंय वाटतं," प्राची हळू म्हणाली. "घेऊ का हात?"

"तू दूध बघून ये. आमी हाय हितंच," गुरुजी म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी आपल्या तोंडी इथलं 'हितं' आलं, हे त्यांना जाणवलं.

रावजींनी मान वर केली. तोंडाची एक बाजू ओढलेली होती, रोजच्यासारखी, किंवा रोजच्यापेक्षा थोडी जास्त. डावा डोळा बारीक झाला होता, उन्हाने असेल, शेडच्या पत्र्यातून कवडसा तिथेच येत होता.

"काय बघतुयास?" ते म्हणाले.

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "बघतोय."

रावजींचा डावा हात सावकाश वर उचलला गेला, टोपीकडे की नुसता कपाळावरची माशी हाकलायला, ते कळेना; आणि गुरुजींना घाई नव्हती. परतीच्या गाडीचीही नव्हती.